माळ्यावरची दोन दप्तरं

आमच्या घरात मोडी वाचणारे शेवटचे माझे आजोबा. ते गेले आणि संगमेश्वरच्या घरी माळ्यावर लाल फडक्यात बांधलेली दोन दप्तरं कुणालाच वाचता येईनाशी झाली. बाबा शाळेत जायला लागले तोवर मोडी अभ्यासक्रमातून गेलेली होती. छापखान्यांनी आधीच बाळबोध, म्हणजे देवनागरी, उचलली होती. मोडी उरली ती हातानं लिहिण्यापुरती, मग तीही सुटली. शेकडो वर्षं जमाखर्च, खरेदीखतं, जमिनीचे तंटे, घरची खुशाली ज्या लिपीत लिहिली, ती दोन पिढ्यांत परकी व्हावी, हे मला फार लागलं. शाळेत हिंदी शिकले, नोकरीसाठी इंग्रजी पक्की केली, मग ही का नाही? पन्नाशीला टेकताना दादरच्या एका वर्गात नाव घातलं.

मोडीची सुरुवात रेघेनं होते. कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आधी शिरोरेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जायची, बोरू शक्यतो न उचलता. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. जुन्या कागदांत विरामचिन्हं नाहीत, दोन शब्दांत जागाही नाही. शब्द कुठे संपला हे अर्थावरून ठरवायचं, आणि अर्थ लागायला आधी शब्द हवा! सर सांगतात, डोळ्यांना अडलं की मोठ्यानं वाचा. खरंच आहे ते. कानाला मराठी येतच असते. ओळ दोनदा उच्चारली की नावं, गावं, नाती सुटी होतात. मुलुंडहून येताना लोकलमध्ये बसायला मिळालं की मी वही काढते.

दप्तरांत बरेचसे कर्जरोखे आणि पावत्या. पण एक पत्र निघालं. शके 1818, माघ महिना, म्हणजे 1897 ची सुरुवात. पणजोबांचे वडील तेव्हा परळला गिरणीत होते. आदल्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग उघडकीला आला होता आणि त्या हिवाळ्यात माणसं लोंढ्यांनी मुंबई सोडत होती. भावाला ते कळवतात की गाठीच्या तापानं शेजारची खोली रिकामी झाली, आईला इकडे आणू नये, आपण पगार बुडेल म्हणून थांबलो आहोत. आणि लगेच पुढच्या ओळीत चौकशी, आंब्याला मोहोर धरला का?

मोडी म्हणजे संशोधकांचं काम, असं मला कितीजण सांगतात. पेशवे दप्तरातले कागद वाचायला अभ्यासक हवेतच. पण एका गिरणीकामगाराचं पत्र शोधत कोण आमच्या माळ्यावर येणार? ते आम्हीच वाचायचं.

2014 पासून मोडी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक संचातही आहे, तरी मी उतारा बाळबोधातच करते. कारण न्यू जर्सीत वाढलेला माझा चुलतभाऊ. तो चाळिशीत हिंदी शिकतोय. जवळपास वर्ग मिळाला तो हिंदीचा. त्यामुळे देवनागरी त्याला वाचता येते. पत्राचा फोटो आणि खाली उतारा असं मी पाठवलं, आणि त्यानं ते काकांसमोर सावकाश, अक्षर अक्षर लावत वाचलं. काकांनी मधेच थांबवून विचारलं, शेजारच्या खोलीतले कोण, नाव दिलंय का?

नाव दिलंय. आता दुसऱ्या दप्तरात त्या नावाचा कागद सापडतो का ते बघतेय.