आधी मापाचा कागद, मग लादी

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात सासऱ्यांनी लादीकामाला सुरुवात केली तेव्हा सगळं काम मोझॅकचं होतं. लादी बसवायची, सुकू द्यायची, मग मशीन लावून घासायची. घासताना उंचसखल निघून जायचं. व्हिट्रिफाइड, म्हणजे कारखान्यात भाजून घडवलेली कडक लादी, आली आणि ती सोय संपली. ती कारखान्यातून चकचकीत होऊनच येते, बसली तशी कायमची राहते.

मी लग्न होऊन या घरात आले ती आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा कोर्स करून. धंदा मजुरीचा होता: माल गिऱ्हाइकाचा, आपण चौरस फुटावर मजुरी घ्यायची. किती पेट्या लागतील ते दुकानदार अंदाजाने सांगायचा. माल कमी पडला की काम अडायचं आणि मागाहून आलेली पेटी दुसऱ्या लॉटची, म्हणजे वेगळ्या खेपेत बनलेली, निघायची. दोन्ही लाद्या पांढऱ्याच, पण शेजारी लावल्या की फरक लगेच डोळ्यात भरतो. मग गिऱ्हाईक मिस्त्रीला बोल लावणार. मी बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, म्हटलं, माल घेण्याआधी मापाचा कागद आपणच करून देऊ या. बाबा हो म्हणाले आणि आमच्या धंद्याला तिथून वळण लागलं.

या कागदात असतं काय? दहा बाय बाराची खोली घ्या. क्षेत्रफळ १२० चौरस फूट. 'दोन बाय दोन' फुटी लादीच्या पेटीत चार लाद्या, म्हणजे आठ पेट्यांत काम झालं, असं कुणालाही वाटेल. पण ही लादी ६०० मिलिमीटरची असते आणि दोन फूट होतात जवळजवळ ६१०. त्यामुळे दहा फुटांत पाच लाद्या बसल्यावर, दोन मिलिमीटरचे सांधे धरूनही, भिंतीलगत ४० मिलिमीटरची फट उरते. स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी लावतात त्या पट्टीखाली, लपवावी तर स्कर्टिंगची तेवढी जाडी नसते. तिथे पट्टी कापून घातली तर कापतानाच कडा उडतात आणि ती चिंधी जन्मभर दिसत राहते.

म्हणून आम्ही दोरी खोलीच्या मधून धरतो. मध्ये चार अख्ख्या लाद्या आणि दोन्ही कडांना साधारण ३२० मिलिमीटरचे सारखे तुकडे. तुकडा अर्ध्याहून मोठा असल्याने एका लादीतून दोन निघत नाहीत. बारा फुटांच्या बाजूलाही तसंच. आडव्या सहा, उभ्या सात, एकूण ४२ लाद्या. ऐकून गिऱ्हाईक दचकतं. पण प्रत्येक कापलेल्या लादीची २८० मिलिमीटरची पट्टी उरते, तिच्यातून चार इंची स्कर्टिंगच्या दोन पट्ट्या निघतात आणि सगळ्या खोलीचं स्कर्टिंग त्यातच भागतं. अकरा पेट्या कामाला, एक माळ्यावर ठेवायला. पुढे कधी पाइपसाठी लादी फोडावी लागली तर त्या छटेची लादी बाजारात मिळेलच असं नाही, म्हणून ही पेटी घ्याच, असा माझा आग्रह असतो.

खोली गुण्यात, म्हणजे कोपरे काटकोनात, आहे की नाही हे दोन्ही कर्ण मापून कळतं. जुन्या इमारतींत सहसा नसते.

सिमेंट-रेतीचा हिशेब आम्ही ब्रासवर, म्हणजे १०० चौरस फुटांवर मांडतो. एका ब्रासला दोन इंचांचा थर, एकास सहा माल (एक भाग सिमेंट, सहा भाग रेती), तर सिमेंटच्या अडीच ते तीन गोण्या आणि वीसेक घनफूट रेती. वर ओतायच्या रसाचं सिमेंट वेगळं. जुन्या लादीवरच नवी बसवायची असेल तर आधी जुनी लादी ठोकून बघतो. पोकळ वाजली तर ती काढायचीच. घट्ट असेल तर तीन मिलिमीटर थराला अ‍ॅडहेसिव्हची (लादी चिकटवायच्या मसाल्याची) २० किलोची गोणी साधारण ४५ चौरस फूट जाते. पण तळ वर येतो, म्हणून दरवाजे खालून कापावे लागतात. सुताराची तारीख त्याच कागदावर लिहायची.

मुंबईत आखणीचा निम्मा भाग लादीचा नसतोच. सोसायटीची परवानगी, दुपारी ठोकाठोक बंद, रविवारी सुट्टी, लिफ्टमध्ये माल चढवू देतात की नाही, फोडलेल्या मालाच्या गोण्या कुठे ठेवायच्या, टेम्पो कधी येणार. पेटी पंचवीस-तीस किलोची. लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर चढवणाऱ्याची मजुरी आधीच धरलेली बरी. माणसं घरातच राहणार असतील तर एकेक खोली घेतो, स्वयंपाकघर सगळ्यात शेवटी, आणि त्या दिवसांत बाईमाणसाचा गॅस कुठे मांडायचा हे मी स्वतः ठरवून देते. आमचे कारागीर मला वहिनी म्हणतात. गिऱ्हाईकही आता तेच म्हणायला लागलंय.

लाकडी लॅमिनेटची मागणी अलीकडे वाढलीय. पावसाळ्यात आम्ही ते शक्यतो टाळतो. घ्यायचंच असेल तर पेट्या दोन दिवस त्याच खोलीत ठेवायच्या आणि भिंतीशी दहा मिलिमीटर जागा सोडायची.

बाबा आता साइटवर जात नाहीत, पण कागद त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय दुकानदाराकडे जात नाही. मापाचे पैसे आम्ही वेगळे घेतो. काम आम्हाला दिलं तर ते बिलातून वजा होतात, नाही दिलं तरी कागद गिऱ्हाइकाचाच.