ज्यू तत्त्वज्ञानात पीएचडी करायची, तर नागपुरातून सुरुवात कशी करायची?

एक गोष्ट आधीच समजून घेतलेली बरी: आपल्याकडे प्राध्यापकाची जाहिरात निघते ती तत्त्वज्ञानाची, ज्यू विचारांची नव्हे. म्हणून एमए तत्त्वज्ञानात करावं आणि नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षाही त्यातच काढावी. 150 प्रश्न, 300 गुण, तीन तास. चुकलं तरी गुण कापत नाहीत, मग प्रश्न कोरा कशाला सोडायचा?

खरा कस भाषेत लागतो. हिब्रूची 22 अक्षरं लवकर येतात, पण बहुतेक मजकूर स्वरचिन्हांशिवाय छापलेला असतो आणि घोडं तिथे अडतं. आधी तोरामधल्या (मोशेची पाच पुस्तकं) स्वरचिन्हं असलेल्या कथा वाचाव्यात, तालमूद (रब्बींच्या धर्मचर्चांचा संग्रह) मागाहून. त्याच्या पानावर मधोमध मिश्ना (मूळ नियम) आणि गमारा (त्यांवरची चर्चा), बांधणीकडे राशी या मध्ययुगीन पंडिताचं भाष्य, बाहेरच्या कडेला तोसाफोत, म्हणजे नंतरच्या पंडितांची टिपणं. गमारा बरीचशी अरामाईकमध्ये. सेफारिया या संकेतस्थळावर हे फुकट वाचता येतं. मायमोनिदीस या मध्ययुगीन ज्यू तत्त्वज्ञाने (1138–1204) आपला मुख्य तत्त्वज्ञानग्रंथ (इंग्रजीत ‘गाईड फॉर द परप्लेक्स्ड’) अरबीत, पण हिब्रू लिपीत लिहिला. मोमिनपुऱ्यातल्या उर्दू शिकलेल्या पोरांना त्यातले बरेच शब्द ओळखीचे वाटतील.

प्रस्ताव फेटाळले जातात ते बहुधा ‘भारतीय व ज्यू तत्त्वज्ञान: तुलनात्मक अभ्यास’ अशा अवाढव्य शीर्षकांमुळे. त्यापेक्षा मायमोनिदीसच्या त्या ग्रंथाच्या पहिल्या भागातलं 58वं प्रकरण घ्या. ईश्वर काय नाही एवढंच सांगता येतं, असं तो तिथे मांडतो. शेजारी बृहदारण्यकातलं ‘नेति नेति’ आणि त्यावरचं शांकरभाष्य ठेवा. साम्य दोन पानांत संपतं. प्रबंध उभा राहतो फरकावर: शंकराचार्य नकारातून आत्मा-ब्रह्म ऐक्याकडे जातात, तर मायमोनिदीससाठी स्रष्टा आणि सृष्टी यांतलं अंतर कधीच मिटत नाही.

आंतरधर्मीय संवादातही हेच. ‘शेवटी ईश्वर एकच’ म्हणून सभा सुरू केली, की दीक्षाभूमीच्या या शहरात बौद्ध माणूस पहिल्याच मिनिटाला बाहेर पडतो. तो ईश्वरच मानत नाही! भाषणांऐवजी प्रत्येक परंपरेतला अर्ध्या पानाचा उतारा घेऊन सहा-आठ जणांनी एकत्र वाचावा. ज्यू उतारा मराठी बायबलमधून घेताना मात्र जपून. ‘जुना करार’ ही ख्रिस्ती मांडणी आहे. तो मलाखीवर संपतो, तनाख (ज्यूंचं हिब्रू बायबल) इतिहासाच्या ग्रंथांवर. शिवाय मलाखीचे अध्याय हिब्रूत 3, मराठीत 4. हे आकडे झेरॉक्स काढण्यापूर्वीच जुळवून घ्यावेत, नाहीतर अर्धी बैठक वचन शोधण्यात जाते.