जांभ्या-काळ्या दगडाचा बंगला प्लास्टिकचा का दिसतो?

रेंडर (3D मॉडेलवरून संगणकाने काढलेलं चित्र) खोटा वाटला की लोक आधी सॅम्पल्स (दर पिक्सेलला मोजायचे प्रकाशकिरण) वाढवतात. त्याने फक्त नॉइज (चित्रातले दाणे) जातो. आधी सॉफ्टवेअरमधला सूर्य तपासा. साताऱ्यासाठी अक्षांश 17.68, रेखांश 74, टाइम झोन 5:30, आणि उत्तर दिशा साइट प्लॅनवरूनच घ्या. डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेला साधारण 49 अंशांवर असतो. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तो चक्क उत्तरेला जातो. म्हणजे जूनच्या दुपारी दक्षिणेची भिंत उन्हात न्हालेली दाखवली, तर ती चूकच.

आता मटेरियल. चुन्याच्या भिंतीला बेस कलर (मूळ रंग; 0 काळा, 1 पांढरा) 0.8 पुरे. 1.0 दिला की प्रकाश उसळतच राहतो आणि कोपऱ्यातली सावली मरते. जोत्याच्या काळ्या दगडाला रफनेस (खरखरीतपणा; 0 म्हणजे आरसा, 1 म्हणजे अजिबात चमक नाही) 0.7 ते 0.9. ब्लेंडर या 3D सॉफ्टवेअरमध्ये रफनेस मॅप आणि नॉर्मल मॅप (बारीक उंचसखलपणा सांगणारी इमेज) यांचा कलर स्पेस ‘नॉन-कलर’ हवा, म्हणजे इमेज रंग म्हणून नाही तर नुसते आकडे म्हणून वाचली जाते; इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. एसआरजीबी (रंगीत फोटोंसाठीचा नेहमीचा कलर स्पेस) राहिला तर 0.5 चा रफनेस 0.21 होतो आणि कोरडा दगड पावसात भिजल्यासारखा चमकतो. मग माणूस उगाच लाइट कमी करत बसतो!

प्लास्टरच्या कडांना 3-5 मिमी बेव्हल (कडेची किंचित गोलाई) द्या. तलवारीसारखी धारदार कड कुठल्याच गवंड्याला जमत नाही.