श्यामला म्हणजे काळी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ‘श्यामला म्हणजे नक्की काय हो?’ हे मला ओळख होताच विचारतात, आणि विचारणाऱ्याची नजर उत्तराच्या आधीच माझ्या हातांवरून फिरून आलेली असते. श्यामला म्हणजे काळी. गव्हाळ नव्हे, ‘कृष्णासारखी निळसर’ही नव्हे.

अमरकोशात हे शब्द एका ओळीत आहेत: कृष्ण, नील, असित, श्याम, काल, श्यामल, मेचक. नीलसुद्धा काळ्यातच. चित्रांतला कृष्ण निळा झाला, कोशातला काळाच राहिला. महाभारतात द्रौपदीला कृष्णा म्हणतात ते वर्णावरूनच, आणि व्यास ते लपवत नाहीत. ते स्वतःही कृष्णद्वैपायन.

हे सगळं मला आज पाठ आहे. एकविसाव्या वर्षी यातलं काही कामाला आलं नाही.

माझं नाव बाबांनी ठेवलं. ते संस्कृत शिकवायचे. ‘श्यामल’ म्हणताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा. मी जन्मले तेव्हाच काळी होते, आणि बाळाकडे नीट बघून मगच त्यांनी नाव काढलं, असं आई सांगायची. मला बघायला पहिल्यांदा मंडळी आली, तेव्हा मुलाच्या मावशी हसून म्हणाल्या, ‘नाव अगदी शोभतंय. अर्थ काय म्हणायचा?’ बाबा जरा थांबले. मग म्हणाले, ‘काळी असा अर्थ नाही त्याचा. तप्तकांचनवर्णाभा. तापवलेल्या सोन्याच्या कांतीची, तिला श्यामा म्हणतात.’

श्लोक खरा आहे, बाबांनी रचलेला नाही. मेघदूतातल्या ‘तन्वी श्यामा’चा अर्थ त्याचा टीकाकार मल्लिनाथही युवती असाच देतो. म्हणजे पंडितांनीच हा शब्द कधीचा धुऊन ठेवला होता. बाबांनी तो फक्त बाहेर काढला. पण सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. खुर्चीच्या हाताकडे बघत होते. मला राग यायला हवा होता. हे मी आजवर कुणाला बोलले नाही: मला सुटल्यासारखं वाटलं. त्या खोलीत, तेवढ्यापुरती, मी सोन्याची झाले होते.

नकार तिसऱ्या दिवशी आला. त्यात रंगाचं नाव नव्हतं. बाबांनी तो श्लोक पुन्हा कधी उच्चारला नाही. मी मात्र पुढची पंधरा वर्षं, कुणी अर्थ विचारला की, तोच म्हणत राहिले.

त्या वेळच्या माझ्याशी मी अजून भांडते. तू गप्प का बसलीस, काळी असाच अर्थ आहे असं तिथल्या तिथे का नाही म्हणालीस? ती मला उलट विचारते: म्हणून काय झालं असतं? देवाला सावळा म्हणायला काय जातं? त्याच विठ्ठलाला पांडुरंग, म्हणजे पांढऱ्या रंगाचा, म्हणतात, आणि दोन्ही नावं सुखाने नांदतात. माणसाच्या वाट्याला काळं तोंड येतं, काळं कृत्य येतं. शेतजमिनीला काळी आई म्हणतात खरं, पण ती पिकते म्हणून.

तिला खोडून काढता येत नाही. माझ्याकडे फक्त विष्णुदास नामाची एक गौळण आहे. रात्र काळी, घागर काळी, यमुनेचं पाणी काळं, अंगावरची बुंथ काळी, गळ्यातली मोत्यांची एकावळीसुद्धा काळी. आणि मध्येच ती बाई म्हणते, ‘मी काळी’. स्वतःला ती सावळी म्हणत नाही. सावळी म्हणते ती सोबतीला हवी असलेल्या मूर्तीला, आणि शेवटच्या ओळीत तीही ‘बहू काळी’ होते. एकटीने पाण्याला जायची भीती तिला आहे. पण सोबत म्हणून ती उजेड मागत नाही, आणखी काळं मागते. काळ्याचं एवढं मोठं घर मला दुसरीकडे सापडलेलं नाही. तरी, त्या बाईला बघायला मंडळी आली नव्हती, हेही मला दिसतं.

मागच्या महिन्यात एकींनी अर्थ विचारला. मी म्हटलं, ‘काळी.’ त्या गडबडल्या, माझा हात धरून म्हणाल्या, ‘अहो, नाही हो, तुम्ही कुठे काळ्या!’ मनाने चांगल्या होत्या. त्यांना अवघडल्यासारखं झालेलं बघवेना, आणि बाबांचा तो चरण माझ्या ओठांशी आला. मी बोलले नाही. पण आला होता.