सरांची भट्टी

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, असा निरोप आला आणि डोळ्यांपुढे उभे राहिले ते विज्ञानाचे सर. शाळेच्या वास्तूवर, मैदानावर, इतर गुरुजनांवर बाकीचे लिहितीलच. सरांचा संसार कशावर चालला, तेवढं मात्र कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

नाशिकच्या भांडी बाजाराच्या मागच्या बोळात सरांच्या वडिलांचं कल्हईचं, म्हणजे पितळी भांड्यांना आतून कथलाचा पातळ थर देण्याचं, दुकान होतं. वडील अकाली गेले. मागे आई आणि लग्नाच्या दोन बहिणी. पुढे स्वतःची तीन मुलं. सर पहाटे पाचला भट्टी पेटवायचे, नऊला आवरायचे आणि पावणेअकराच्या घंटेला पांढऱ्या सदऱ्यात वर्गात हजर. बोटांच्या पेरांतली काजळी धुऊनही जायची नाही. हातात खडू असला की ती जास्तच दिसायची. पावसाळ्यात गोदावरीच्या पात्रातल्या, पुराची खूण मानल्या जाणाऱ्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याचं कळलं की कोळशाची पोती माळ्यावर आणि कथलाची पेटी घरी. ओला कोळसा धुमसतो, तडतडतो आणि भांड्यावर राख उडवतो.

नववीला संप्लवन शिकवताना सर बशीत नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, घेऊन वर नरसाळं उपडं घालत. नवसागर वितळत नाही, त्याचा पांढरा धूर होतो आणि नरसाळ्याच्या गार काचेवर पुन्हा नवसागरच जमतो. पुढचं मात्र पुस्तकात नव्हतं. तापलेल्या पितळेवर हाच नवसागर धातूवरचा गंज खाऊन टाकतो आणि म्हणून कथील धरतं. मग खिशातून कथलाची कांडी काढून ती कानाजवळ वाकवून दाखवायचे. शुद्ध कथील वाकताना करकरतं. भेसळीचं शिसं गप्प वाकतं आणि कागदावर काळी रेघ ओढतं. शिशाची कल्हई स्वस्तात होते, पण ते पोटात जाणारं विष. असली कल्हई सरांनी कधी केली नाही, गिऱ्हाईक परत गेलं तरी.

त्यांचं काम नीट पाहायला मिळालं ते एका स्नेहसंमेलनाच्या आदल्या संध्याकाळी. मसालेभात आणि कढीचा बेत होता. कोठीतलं मोठं पितळी पातेलं काढलं, तर बुडाशी पिवळं दिसत होतं. बाहेरून नुकतीच कल्हई करून आणलेली, तरी कथलाचे मण्यांसारखे थेंब धरलेले. सरांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "तुपकटपणा काढलाच नाही. यात कढी कळकणार." म्हणजे उघड्या पितळेला आंबट लागून ती बिघडणार.

मैदानाच्या कडेला खड्डा खणून भट्टी लावली. आधी सोड्याच्या गरम पाण्याने पातेलं खळखळून धुतलं. मग चिंचेचा कोळ आणि विटेची भुकटी काथ्यावर घेऊन आतून घासलं, धुतलं आणि कोरडं ठणठणीत केलं. मोठं भांडं एकदम सगळीकडे सारखं तापत नाही, म्हणून ते आडवं धरून एकेक बाजू निखाऱ्यावर फिरवायची. आधी काठ, मग बाजू, शेवटी बूड; जादा कथील ओघळतं ते बुडाशीच येतं आणि तिथून पुसून घेता येतं. मधूनमधून नवसागराची चिमूट टाकून पाहायची. धूर झटकन उठला की कांडी टेकवायची. कथील 232 अंशाला वितळतं. भांडं त्याहून थोडंच वर तापायला हवं. कमी तापलं तर कथलाच्या गाठी होतात, जास्त तापलं तर कल्हई पिवळी पडते. कापसाचा बोळा नवसागरात बुडवून सरांचा हात एकाच दिशेने फिरला, की मागे चांदीसारखा पट्टा उमटत जाई. दुसऱ्या बाजूचा पट्टा पहिल्यावर चार बोटं चढवायचा, नाहीतर सांध्यात पितळ उघडं राहतं. खोकला येत होता, पण हात थांबला नाही. शेवटी पाणी ओतलं आणि चर्र आवाज झाला. रात्रीचे साडेदहा वाजले होते. दुसऱ्या दिवशी पहिला तास त्यांचाच होता आणि तो त्यांनी घेतला.

कोठीवाल्या मावशींना त्यांनी बजावून सांगितलं होतं: पातेलं रिकामं चुलीवर ठेवायचं नाही, फोडणी वेगळ्या कढईत करायची, राखेने घासायचं नाही.

बहिणींची लग्नं, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन, मुलांची शिक्षणं, सगळं पगार आणि भट्टी या दोन्हींच्या जोरावर निघालं. 1991च्या सिंहस्थात भट्टी रात्रीही पेटती होती. त्याच पैशांत थोरलीची इंजिनिअरिंगची फी भरली गेली. धाकटा आज परगावी प्राध्यापक आहे. शिकवणी मात्र सरांनी एकही घेतली नाही. वर्गात शिकवलं तेच पुन्हा विकायचं नाही, एवढंच म्हणायचे.

आता घरोघरी स्टील. त्या बोळात कल्हईचं दुकान राहिलं नाही आणि संमेलनाचं जेवण केटररकडून येतं. जुन्या प्रयोगशाळेत संगणक आले. आले ते बरंच झालं, पण तिथली नरसाळी कुठे गेली, हे कुणाला सांगता येत नाही. पातेलं मात्र कोठीत आहे. कोपऱ्यात उपडं पडलंय आणि त्यावर जुन्या सतरंज्या ठेवल्यात. ते उलटून पाहिलं, तर काठाजवळ चार बोटं रुंदीचा सरांच्या हातचा पट्टा अजून पांढरा आहे.