जाहीर करून काय होतं?

नर्सिंगच्या मुली फील्ड व्हिजिटला आल्या की हा प्रश्न हमखास येतो. ‘मॅडम, अमेरिकेत सरकारांनी वंशभेद हे सार्वजनिक आरोग्याचं संकट म्हणून जाहीर केलं. मग आपल्याकडे जातीचं तसं का नाही?’ माझी नोकरी ठाण्याकडच्या एका पालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर गेली, त्यामुळे उत्तरही त्या टेबलावरचंच आहे.

आधी तिकडचं. विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकी काउंटीनं मे 2019 मध्ये तसा ठराव केला. वर्षभरानं पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा जीव गेला आणि गावोगावी ठरावांची रीघ लागली. एप्रिल 2021 मध्ये सीडीसीच्या, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या, तेव्हाच्या संचालक रोशेल वालेन्स्की यांनीही वंशभेद हा आरोग्याला गंभीर धोका असल्याचं सांगितलं. ठराव करायला पैसे लागत नाहीत, हे महासभा पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. आणि जानेवारी 2025 मध्ये सरकार बदलताच वॉशिंग्टनमधले समतेचे कार्यक्रम बंद करायचे आदेश निघाले.

किडनीचं प्रकरण मात्र निराळं, आणि मुलींना मी तेच सांगते. रक्तातल्या क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थावरून किडनी किती काम करते याचा आकडा काढतात, तो ईजीएफआर. अमेरिकेत माणूस काळा असला की तिथली लॅब आलेला आकडा सुमारे 16 टक्क्यांनी वाढवायची. सूत्रच तसं होतं. गोऱ्याचा आकडा 18 आला, तर त्याच वयाच्या, तेवढंच क्रिएटिनिन असलेल्या काळ्या पुरुषाचा जवळपास 21. डायलिसिस सुरू व्हायच्या आधी प्रत्यारोपणाच्या रांगेतला वेळ मोजणं सुरू व्हायचं ते हा आकडा 20 च्या आत आल्यावर. म्हणजे पहिल्याचा नंबर लागला आणि दुसऱ्याला सांगितलं, तुमची किडनी अजून बरी आहे. 2021 मध्ये किडनीतज्ज्ञांच्या समितीनं हे सूत्र टाकून द्यायला सांगितलं. सरकारी देखरेखीखाली चालणाऱ्या राष्ट्रीय प्रत्यारोपण यंत्रणेनं 2022 मध्ये ते बंद केलं आणि जानेवारी 2023 पासून रुग्णालयांना कामाला लावलं: जुने रिपोर्ट काढा, या सूत्रामुळे मागे राहिलेले काळे रुग्ण शोधा, त्यांचा गेलेला वेळ रांगेत परत धरा. सरकारनं उत्तर दिलं म्हणायचं ते याला.

हे करता आलं, कारण कोण काळा ते त्यांच्या कागदावर होतं. त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावरही वंशाचा रकाना असतो. म्हणूनच 2021 मध्ये दर लाख जन्मांमागे काळ्या माता 69.9 आणि गोऱ्या 26.6 दगावल्या, हे त्यांना दशांशासकट सांगता येतं.

आता आपला नमुना 2, मृत्यूचा अहवाल. वर नाव, लिंग, वय, ठिकाण. खालच्या सांख्यिकी भागात धर्म, व्यवसाय, औषधोपचार मिळाला होता का, तंबाखू किती वर्षं, दारू किती वर्षं. तंबाखूची वर्षं विचारतात. जात नाही. हा खालचा भाग वरच्या कार्यालयात जातो आणि त्याचे तक्ते होतात.

मे 2019 मध्ये इथे ठाण्यात, ढोकाळीच्या एका गृहसंकुलात सांडपाण्याच्या टाकीत उतरलेले तीन सफाई कामगार गेले. असा मृतदेह येतो तेव्हा कारणात ‘गुदमरून’ येतं. व्यवसायात, घाईत असलेल्या कुणीतरी सांगितलेलं, ‘मजुरी’. टाकीत कोण उतरतं आणि कोण कधीच उतरत नाही, हे सोसायटीच्या वॉचमनलाही ठाऊक असतं. तक्त्याला कळत नाही. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला सफाईसाठी गटारात किंवा टाकीत उतरवायला 2013 च्या कायद्यानं बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूला 2014 मध्ये 10 लाख आणि 2023 मध्ये 30 लाख भरपाई ठरवली. आणि मधेच, जुलै 2021 मध्ये, सरकारनं राज्यसभेत सांगितलं की हातानं मैला साफ करण्यामुळे पाच वर्षांत एकही मृत्यू नोंदलेला नाही. गटारं आणि टाक्या साफ करतानाचे मृत्यू सरकार वेगळ्या यादीत धरत होतं.

पाहणीतून थोडं कळतं, नाही असं नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात अर्भकमृत्यूचं प्रमाण देशभर हजारी 35 होतं, अनुसूचित जाती आणि जमातींत 40 च्या वर. पण पाहणी काही वर्षांतून एकदा येते आणि तिच्यातून वॉर्डाचं चित्र दिसत नाही. येऊरच्या डोंगरातल्या आदिवासी पाड्यावर आणि खाली घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये माणसं कोणत्या वयात जातात, हे तिच्यातून काढता येणार नाही.

कुणीतरी लगेच म्हणतं, जात विचारली की भेद वाढेल. अहो, शाळेच्या दाखल्यावर विचारतात, पडताळणीत खापरपणजोबांपर्यंत विचारतात, ठाण्यात भाड्यानं घर बघायला जा, आडनाव ऐकून पुढचं आपोआप ठरतं. भीती खोटी नाही. पण ती नेमकी मृत्यूच्या फॉर्मपाशीच का आठवते? जात लिहा, ती दाखल्यावर छापू नका, तक्त्यापुरती ठेवा. धर्माचं आज तसंच चालतं. येत्या जनगणनेत जात मोजणार आहेत, चांगलंच आहे. पण त्यात जिवंत माणसं मोजली जातील. मेलेल्यांचा रकाना वेगळ्या कायद्यात आहे.

तोवर मुलींना एवढंच सांगते, की व्यवसायाचा रकाना भरताना ‘मजुरी’वर थांबू नका. कसली मजुरी, कुणाकडे, त्या दिवशी काय काम चाललं होतं, ते विचारा आणि बसेल तेवढं लिहा. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.