भाजीला चालत जाता येतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या नेरूळमध्ये सोसायट्यांच्या सभेत हा प्रश्न हमखास येतो: 'लोकांनी चालावं यासाठी काय करू या? वॉकेथॉन ठेवू या का?' जरूर ठेवा. पण पाम बीच रस्त्याला पहाटे फिरणारे फिरतातच. मला काळजी आहे ती कोपऱ्यावर कोथिंबीर आणायलाही स्कूटर काढणाऱ्यांची.

नवी मुंबईत अंतराची अडचण फारशी नाही. १९७० साली सिडको, म्हणजे हे शहर वसवणारी सरकारी कंपनी, आली, सेक्टर आखले गेले, शाळा, बाजार, बाग घराजवळ ठेवली गेली. फूटपाथही आहेत. तरी आजी गाड्यांच्या कडेनं, डांबरावरून चालतात. कारण फूटपाथ दर सोसायटीच्या गेटपाशी तुटतो. उतरा, गेट ओलांडा, परत चढा. दुखऱ्या गुडघ्यांनी हे किती वेळा करायचं? खरं तर गेटसमोरही फूटपाथ सलग त्याच उंचीवर हवा. चढ-उतार गाडीनं करावा. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत फूटपाथची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. मध्येच विजेचा डीपी बॉक्स किंवा झाडाचा कट्टा आला की ती रुंदी संपते.

म्हणून माझा आग्रह असतो, आधी एकच रस्ता चालून तपासा. शाळेचा घ्या. सोबत एखादी आजी आणि बाबागाडी घेतलेली आई हवीच. अडथळे त्यांना आधी कळतात. टेपनं मोजा, फोटो काढा, जवळच्या दिव्याच्या खांबाचा नंबर लिहा. 'फूटपाथ खराब आहे' या अर्जावर काहीच होत नाही, खांबाचा नंबर असला की पालिकेचा माणूस नेमक्या जागी येतो. तोच रस्ता अंधार पडल्यावरही चाला. फांद्यांनी दिवे झाकलेत हे बायका लगेच सांगतात.

आणि फेरीवाल्यांना हटवा असं कृपा करून लिहू नका. शहाळंवाला उभा असतो म्हणून रात्री क्लासहून येणाऱ्या मुली त्या बाजूनं येतात. चालण्याची पट्टी सोडून त्यांना जागा आखून द्यावी, २०१४चा कायदा त्यांच्यासाठीच आहे.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. स्टेशन, बाजार, शाळा भरभर चालत झाली तर त्यातली बरीचशी तिथेच भरतात, जिमची फी न भरता.

रविवारी सकाळी वेळ असेल तर कळवा. टेप माझ्याकडे आहे.